मरूक नाय, इसारलो हा

भिंतीवर टांगलेला तो चपटा टीव्ही तुमचा आहे, असं तुम्ही धरून चालता ना? पावती तुमच्या नावावर, विजेचं बिल तुमच्या नावावर, त्याच्यावरची धूळही तुम्हीच पुसता. तरीही त्याच्या पोटात एक अशी जागा आहे जिथे तुम्हाला मज्जाव आहे. आमच्याकडच्या घरांच्या भाषेत सांगायचं तर रिमोटचं बटण दाबल्यावर जो मेनू दिसतो ती नुसती ओटी. आवाज, उजेड, रंग, चॅनेल... पाहुणे बसवायची जागा. खरा कारभार चालतो माजघरात, आणि माजघराची कडी कंपनीने आतून लावून घेतलेली असते. त्या माजघराचं नाव सर्व्हिस मेनू.

आजचा लेख या कडीबद्दल आहे. मराठी आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईने टीव्हीच्या पोटात कशाला नाक खुपसावं, असं कोणाला वाटलं तर वाटू दे. ज्ञान कडीकुलपात ठेवण्याचा विषय निघाला की मास्तरणीला बोलायचा अधिकार आपोआप येतो, असं माझं मत आहे.

आधी आत काय असतं ते सांगते, कारण नेमकं तेच आपल्याला कोणी सांगत नाही. टीव्हीच्या मुख्य बोर्डावर मसुराच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठी, आठ पायांची एक चिप असते. शास्त्रीय नाव ईईप्रॉम, बाजारातलं नाव मेमरी आयसी. वीज गेली तरी तिच्यावर लिहिलेलं पुसलं जात नाही. काय लिहिलेलं असतं? या संचाला कोणत्या जातीचा पडदा लावला आहे, चित्र सुलटं दाखवायचं की उलटं, लाल-हिरवा-निळा रंग किती तोलायचा, मागचा दिवा किती तेजाने लावायचा, आजवर संच किती तास चालला, आवाजाला वरची हद्द घालायची की नाही. एकाच मापाचे दोन पडदे रंगाला तंतोतंत सारखे नसतात, म्हणून चांगल्या कारखान्यात पडदा मोजून हे आकडे लिहितात. म्हणजे ही त्या संचाची जन्मपत्रिकाच म्हणा ना. आपण आपल्या मेनूतून ‘फॅक्टरी रीसेट’ करतो तेव्हा या पत्रिकेला धक्काही लागत नाही. आपण वाढवलेला आवाज आणि जमवलेले चॅनेल तेवढे जातात. आतलं बिघडलं असेल तर बाहेरून कितीही रीसेट मारा, उपयोग शून्य!

अशा चिपच्या माहितीपत्रकांत दहा लाख वेळा पुसून लिहिता येईल आणि शंभर वर्षं टिकेल, असं छापलेलं सापडतं. मग ती बिघडते कशी? बहुतेक वेळा लिहिता लिहिता वीज गेल्यामुळे. वाक्य अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी टीव्ही ते अर्धं वाक्य वाचून गोंधळतो.

आणि वीज जाणं म्हणजे काय हे आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. मे अखेरीच्या गडगडाटात माडाची झावळ तारेवर पडली की दिवे एकदा डोळे वटारतात, एकदा मिणमिणतात, जातात, येतात, पुन्हा जातात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मालवण तालुक्यातल्या कित्येक वाड्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. वीज परत आली ती धड एका दमात आली नाही. नंतरच्या आठवड्यांत बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानांत चपट्या टीव्हींची थप्पी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्यातले किती खरोखर मेलेले होते आणि किती नुसते विसरलेले, याची मोजदाद कोणी केली नाही.

‘विसरलेले’ हा शब्द माझा नाही. आमच्या घरचा टीव्ही अशाच एका विजेच्या रात्रीनंतर उलटा झाला. उलटा म्हणजे अक्षरशः उलटा. बातम्या देणारी बाई डोकं खाली करून बातम्या देऊ लागली, आणि तिचा चेहरा फोटोच्या जुन्या निगेटिव्हसारखा. कंपनीच्या सेवाकेंद्राचा माणूस आला (कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कंपनीचा आला असता तरी हेच बोलला असता अशी माझी खात्री आहे). भेटीचे पैसे घेतले, मागचा स्क्रूसुद्धा न काढता सांगितलं की मेन बोर्ड गेला, या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, पडदाही गेला असेल असं धरून चाला. वर जुना संच देऊन नवा घेतल्यास पंधराशेची सूट. मी म्हटलं, विचार करते. मग बाजारातल्या मुलाला बोलावलं. त्याने पाच मिनिटं त्या उलट्या बाईकडे बघितलं आणि म्हणाला, "बाईनू, ह्यो मरूक नाय. ह्यो इसारलो हा."

त्याने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. शाळेचं नाव घालायच्या जागी ‘टीव्ही कोड’. आत कंपनीनुसार पानं, प्रत्येक पानावर कोणत्या मॉडेलला कोणती बटणं, मूळ आकडे कोणते, कुठल्या ओळीला हात लावायचा नाही. ‘व्हाइट ब्यालन्स’ असं लिहिलेलं होतं, पण लाल पेन काढायची हिंमत झाली नाही, इतकी ती वही नेटकी होती. आमच्याच मॉडेलचा दुसरा संच त्याने कधीतरी उघडला होता, त्याचे आकडे त्याच्याकडे होते. रिमोटवर ओळीने चार बटणं दाबली, माजघर उघडलं, पडद्याची जात बरोबर केली, उलटं-सुलटं बदललं, बंद करून चालू केलं. बाई पायांवर उभी राहिली! चारशे रुपये.

माझा मुद्दा त्या चारशे रुपयांचा नाही. ती वही त्या मुलाला स्वतः का लिहावी लागली, हा मुद्दा आहे. त्यातलं एकूण एक अक्षर कंपनीकडे आधीच छापील स्वरूपात आहे. ते छापील पुस्तक सेवाकेंद्राच्या कपाटात राहतं, आणि ज्याच्या दारात खरोखर बिघडलेला संच येतो तो मुलगा रात्री जागून हिंदी, तमिळ, रशियन माणसांचे व्हिडिओ पाहून एक एक आकडा गोळा करतो. चुकला तर नुकसान त्याचं. बरोबर आला तर कंपनी म्हणणार, अनधिकृत दुरुस्ती.

देवबागच्या एका घरगुती निवासवाल्यांचीही अशीच गोष्ट. पर्यटकांच्या खोल्यांसाठी त्यांनी एका मोठ्या हॉटेलने काढून टाकलेले चार टीव्ही स्वस्तात घेतले. चारही संच ठणठणीत, पण आवाज एका आकड्याच्या वर जाईना आणि डिशची वायर लावली तर तो मार्ग निवडताच येईना. दोन जणांनी बोर्ड बदला म्हणून सांगितलं. खरा प्रकार एवढाच होता की सर्व्हिस मेनूत ‘हॉटेल मोड’ नावाची एक ओळ चालू होती. पाहुण्यांनी मध्यरात्री आवाज वाढवू नये म्हणून हॉटेलवाल्यांनी लावलेली खीळ. ती ओळ बंद करायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. चार बोर्डांचे पैसे वाचले ते निव्वळ एका ओळीच्या माहितीमुळे.

सगळ्या कंपन्यांना एकाच माळेत ओवणं बरोबर नाही, तेही सांगते. फिलिप्सच्या चपट्या टीव्हींच्या दुरुस्ती-पुस्तिकांत खास ग्राहकासाठी एक वेगळी अवस्था दिलेली होती. रिमोटवर १२३६५४ दाबलं की ती उघडायची. ग्राहकाने फोनवरून तिथली माहिती मेकॅनिकला वाचून दाखवावी, हा हेतू. तिथे फक्त वाचता येतं, बदलता काही येत नाही. किती साधी आणि शहाणी कल्पना! सोनीच्या बऱ्याच संचांत बिघाड झाला की लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि त्या मोजणीवरून दोष कुठे ते कळतं. त्यांचा सर्व्हिस मेनू बऱ्याच जुन्या मॉडेलांत संच बंद असताना माहितीचं बटण, ५, आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर असं ओळीने दाबलं की उघडतो. सॅमसंगच्या जुन्या संचांत माहिती, मेनू, म्यूट, पॉवर. ही काही मी चोरून आणलेली गुपितं नाहीत, दुरुस्तीच्या बाजारात पोराटोरांना पाठ आहेत. पण संचाच्या खोक्यातल्या पुस्तिकेत शोधून पाहा. टीव्ही पाण्यात बुडवू नका, हे बारा भाषांत सापडेल. हे सापडणार नाही.

गंमत अशी की सगळ्यात मोकळेपणा आहे तो सगळ्यात स्वस्त मालात. कंपनीचा बोर्ड मिळत नाही तेव्हा आमच्याकडची मुलं चिनी ‘युनिव्हर्सल बोर्ड’ बसवतात. त्या बोर्डाला कोणत्याही जातीचा पडदा चालतो. पडद्याच्या मापाची फाइल पेन ड्राइव्हने घातली (यांच्या भाषेत ‘सॉफ्टवेअर मारलं’) आणि मेनूत जाऊन दोन-तीन ओळी जुळवल्या की झालं. त्या मेनूची बटणं सर्वांना माहीत, लपवाछपवी नाही. म्हणजे बिननावाचा बोर्ड आपली विद्या उघडी टाकून बसलाय आणि नामांकित कंपनी पदराखाली झाकून.

नव्या स्मार्ट टीव्हींत तर पत्रिका आणि सगळा प्रोग्राम एका मोठ्या मेमरीत असतो. तिच्यावर सतत काहीबाही लिहिलं जातं, ती झिजते, आणि एक दिवस टीव्ही कंपनीचं नाव दाखवतो, विझतो, पुन्हा नाव दाखवतो. पडदा शाबूत, दिवा शाबूत, स्पीकर शाबूत. ती चिप बदलून मूळ प्रोग्राम पुन्हा लिहिला की संच उठून बसतो. पण तो प्रोग्राम आणायचा कुठून? बरेचदा कंपनीच्या संकेतस्थळावर नसतो. मग ‘डंप’ शोधत फिरायचं, कोणा अनोळखी माणसाला पैसे पाठवायचे, फाइल बरोबर निघेल अशी देवाजवळ प्रार्थना करायची.

आणि कडी आतून लावणाऱ्याचा हात किती लांब पोचतो, तेही जगाने पाहिलं आहे. जुलै २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दंगली झाल्या, त्यात सॅमसंगच्या गोदामातून टीव्ही लुटले गेले. ऑगस्टमध्ये कंपनीने जाहीर केलं की लुटलेल्या संचांचे क्रमांक आमच्याकडे आहेत, ते इंटरनेटला जोडले की आम्ही इथून बंद करू, आणि ही सोय आमच्या सर्व टीव्हींत आधीपासूनच घातलेली आहे. चोराचा टीव्ही बंद पडला याचं मला काडीचंही दुःख नाही. पण ‘सर्व टीव्हींत’ हे दोन शब्द पुन्हा वाचा. बाहेरून कुलूप घालायची सोय सगळ्या संचांत आहे. मालकाला आतून उघडायची सोय मात्र नाही! चोरासाठी कुलूप खुशाल ठेवा, पण पावती ज्याच्या हातात त्याला किल्ली द्या.

यावर कंपन्यांची आणि त्यांची वकिली करणाऱ्या आपल्याच सुशिक्षित मंडळींची उत्तरं ठरलेली आहेत. पहिलं, ग्राहकाला शॉक बसेल. अहो, सर्व्हिस मेनू रिमोटने उघडतो, कोचावर बसून. शॉक मागचं झाकण काढणाऱ्याला बसू शकतो, आतल्या वीजपुरवठ्यात तेवढी ताकद असते, आणि ते काम मेकॅनिकचंच आहे. दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम एकत्र कालवायच्या आणि घाबरवायचं.

दुसरं उत्तर जास्त वजनाचं आहे: अडाणी माणूस आत जाऊन नको ती ओळ बदलेल आणि चांगला संच घालवील. हे खरं आहे. पडद्याची जात चुकीची निवडली तर चित्रच नाहीसं होतं, आणि मग परत बदलायला मेनूही दिसत नाही. पण यावर उपाय काय? मी गणित शिकवलं नाही, पण गणिताच्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरं छापलेली असतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यामुळे मुलं बिघडल्याचं ऐकिवात नाही. त्या संचाचे मूळ आकडे आणि पडद्याची जात एका चिठ्ठीवर छापून टीव्हीच्या पाठीवर चिकटवा. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या मागच्या पुठ्ठ्यावर कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो याचा नकाशा चिकटवलेला असे. त्या काळी ग्राहक आजच्यापेक्षा कमी शिकलेला होता, तरी कंपनीला त्याची भीती वाटत नव्हती.

तिसरं उत्तर आपल्या घरातूनच येतं. "आई, कशाला कटकट करतेस, नवा घे ना, हल्ली स्वस्त झालेत." मुंबईचा चाकरमानी चतुर्थीला येताना नवा मोठा टीव्ही घेऊन येतो आणि जुना भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतो. जुन्या एलसीडी संचांच्या मागच्या नळ्यांत पारा असतो, तो टेम्पो पुढे कुठे जातो हे कोणी विचारत नाही. पेन्शनीत भागवणाऱ्याला ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ वेगळा लागतो, हे आणखी वेगळंच. असो.

सरकार काय करतंय? मोटारींच्या बाबतीत आपल्याकडे एकदा दणका बसला होता. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. गुन्हा हाच: सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना न देणं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण तत्त्व तर मांडलं गेलं. मग जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्या नावाचं संकेतस्थळही सुरू झालं. कंपन्यांनी आपापली माहिती तिथे द्यावी, असं त्यांना सांगितलं आहे. सांगितलं आहे हं, सक्ती नाही. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यतेचे गुण कसे द्यायचे यावर आणखी एका समितीचा अहवाल आला. सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून. टीव्हीची पाळी येईपर्यंत माझी पाळी टळलेली असेल.

युरोपात १ मार्च २०२१ पासून टीव्हीसाठी नियम आहे: ठरलेले सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना किमान सात वर्षं मिळाले पाहिजेत, आणि प्रोग्रामची ताजी आवृत्ती शेवटचा संच बाजारात आल्यापासून किमान आठ वर्षं. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले, आणि जानेवारी २०२५ पासून त्या जागी टिकाऊपणाचे गुण आणले. विकणाऱ्या कंपन्या बहुतांशी त्याच, ज्या कुडाळ-कणकवलीच्या दुकानांतही आहेत. तिथे जमतं ते इथे का जमत नाही, याचं उत्तर मला तरी एकच सुचतं: तिथे कोणी विचारलं, इथे कोणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त राग येतो तो एका गोष्टीचा. आपल्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालला, आता ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या मेकॅनिकचा आहे. जनतेच्या पैशाने मुलांना दोन वर्षं शिकवायचं, परीक्षा घ्यायची, प्रमाणपत्रावर सरकारी शिक्का मारायचा. आणि तो मुलगा मालवणच्या बाजारात दुकान टाकून बसला की कंपनी त्याला म्हणणार, तू अनधिकृत! सरकारचा शिक्का ज्याच्या प्रमाणपत्रावर आहे त्याला अनधिकृत म्हणायचा अधिकार कंपनीला दिला कोणी? पुस्तिका विकत द्या म्हटलं तरी दार बंद.

माझं मागणं फार नाही. फिलिप्सने केली तशी, फक्त वाचता येणारी अवस्था प्रत्येक टीव्हीत सक्तीची करा. मूळ आकड्यांची चिठ्ठी पाठीवर लावा. मूळ प्रोग्रामची फाइल संचाच्या मॉडेल क्रमांकाखाली संकेतस्थळावर दहा वर्षं ठेवा, ज्याला लागेल तो उतरवून घेईल. यातल्या एकाही गोष्टीला कारखान्यात नवं यंत्र लागत नाही. त्या चिठ्ठीला कंपनीला किती पैसे पडतील ते एखाद्याने मला हिशेब करून दाखवावं.

तोवर आपण एवढं करून ठेवू शकतो. टीव्ही नीट चालू असतानाच ओळखीच्या मेकॅनिकला बोलवा. त्याला सर्व्हिस मेनू उघडून फक्त दाखवायला सांगा, आणि एकेका पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. काहीही बदलायचं नाही. ‘पॅनल’ आणि ‘ऑप्शन’ असं लिहिलेल्या ओळींवर तर बाणाचं बटणही दाबायचं नाही, नुसतं वाचायचं आणि टीव्ही बंद करून बाहेर पडायचं. मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक, आणि झाकण कधी उघडलं गेलंच तर पडद्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीचा क्रमांक, यांचाही फोटो हवा. मग त्या सगळ्याची एक प्रत कागदावर काढून टीव्हीच्या पावतीला टाचून ठेवा.